पाळण्याला हात नव्हता: बुखारेस्टच्या १३६ मुलांचं प्रकरण

रोमानियन भाषेत ‘लेआगान’ म्हणजे पाळणा. तीन वर्षांखालच्या, घरच्यांनी सोडून दिलेल्या मुलांच्या सरकारी संस्थांनाही तिथे हेच नाव होतं. मराठीत पाळणा म्हटलं की दोरी ओढणारा हातही आपसूक डोळ्यांपुढे येतो. रोमानियाची राजधानी बुखारेस्ट इथल्या लेआगानमध्ये छप्पर होतं, खाटांच्या रांगा होत्या, घड्याळाच्या काट्यावर येणारं दूध होतं. हात नव्हता.

बालपणीचा आघात म्हटला की आपण मार, अत्याचार, अपघात, मृत्यू असं काहीतरी घडलेलं शोधत बसतो. या मुलांच्या बाबतीत मुख्य नुकसान झालं ते जे घडायला हवं होतं ते न घडल्यामुळे. त्यामुळे भावनिक वाढ आणि शिकणं यांवर नेमका कशाचा परिणाम होतो, तो कुठे भरून येतो आणि कुठे येत नाही, हे समजून घ्यायला हे प्रकरण फार उपयोगी आहे.

मुलं तिथे कशी आली

१९६६ मध्ये रोमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू याच्या राजवटीने ७७० क्रमांकाचा हुकूम काढला आणि गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आणली. गर्भनिरोधकंही मिळेनाशी झाली. देशाची लोकसंख्या वाढवायची होती. मुलं झाली, पण त्यांना पोसायची ऐपत अनेक घरांत नव्हती, आणि ‘तुम्हाला जमत नसेल तर सरकार वाढवेल’ असा एकूण सूर होता. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुलं संस्थांमध्ये होती. त्यांतली बहुतेक अनाथ नव्हती. आईबापांपैकी निदान एक जण हयात होता.

पुढच्या दहा वर्षांत परदेशी वाहिन्या आल्या, मदत आली, कितीतरी मुलं दत्तक गेली. तरी २००० साली बुखारेस्टमधल्या लेआगान भरलेल्याच होत्या. फॉस्टर कुटुंबं, म्हणजे सरकारच्या देखरेखीखाली दुसऱ्याचं मूल आपल्या घरी वाढवणारी घरं, शहरात नावापुरतीच होती.

विभागातला दिवस

बाहेरून आलेल्या माणसाला आधी खटकायची ती शांतता. खोलीभर तान्ही मुलं आणि रडणं जवळजवळ नाही. याचं कारण गूढ नाही. बाळ रडतं ते कुणालातरी बोलावण्यासाठी. शंभर वेळा बोलावून कुणी आलं नाही की ते बोलवायचं सोडून देतं. सगळ्यांना एकाच वेळी दूध, एकाच वेळी अंघोळ, जरा मोठ्या मुलांना एकाच वेळी ओळीने शी-शूला बसवणं. भूक कुणाला कधी लागली याचा दूध मिळण्याशी संबंध उरत नाही. मधल्या वेळेत मुलं आपल्या खाटेत पुढे-मागे डोलत बसायची, हात डोळ्यांसमोर नाचवायची. बाहेरून काही मिळत नसेल तर शरीर आपलं आपल्यालाच काहीतरी देऊ लागतं.

एका संस्थेच्या नेहमीच्या विभागात तीसेक मुलांमागे पाळ्यापाळ्यांनी वीसेक बायका काम करत. म्हणजे एका मुलासमोर आठवडाभरात पंधरा-वीस वेगवेगळे चेहरे येऊन जात. त्याच संस्थेत एक प्रायोगिक विभाग होता. तिथे दहा-बारा मुलांच्या गटाला ठरलेल्या चारच बायका दिल्या. भर माणसं वाढवण्यावर नव्हता, एका मुलासमोर येणारे चेहरे कमी करण्यावर होता. एवढ्यानेही फरक पडला: त्या विभागातल्या मुलांमध्ये लळा न लागण्याची लक्षणं कमी दिसली. कुठल्याही बालगृहाच्या अधीक्षकाने पाळ्यांचा तक्ता लावताना हे डोळ्यांसमोर ठेवावं. यासाठी वेगळं अनुदान लागत नाही.

अभ्यास कसा रचला

२००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमध्ये काम सुरू केलं. सहा संस्थांमधली १८७ मुलं तपासली. जनुकीय आजार, गर्भात दारूचा परिणाम झाल्याच्या खुणा, फार लहान डोकं अशा वैद्यकीय कारणांनी ५१ वगळली. उरली १३६, वयं ६ ते ३१ महिने. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. ६८ मुलं फॉस्टर घरी जाणार, ६८ नेहमीच्या व्यवस्थेत राहणार. तुलनेसाठी आपल्या आईबापांकडे वाढणारी, त्याच शहरातली ७२ मुलं घेतली.

चिठ्ठ्या का? आधीचे सगळे अभ्यास एकाच ठिकाणी अडत होते. दत्तक गेलेली मुलं पुढे बरी निघाली, की मुळात बऱ्या असलेल्या मुलांनाच लोकांनी दत्तक घेतलं? चिठ्ठीने हा प्रश्न मिटतो. पण मग दुसरा उभा राहतो. संस्था वाईट हे माहीत असताना ६८ मुलांना तिथे ठेवायचं? यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. संशोधकांची बाजू अशी: शहरात फॉस्टर व्यवस्था जवळजवळ नव्हतीच, ती प्रकल्पाने उभी केली, कुठल्याही मुलाला संस्थेत अडकवून ठेवणार नाही, आईबाप परत न्यायला आले किंवा सरकारने घर शोधलं तर मूल जाईल, आणि फॉस्टर घरी गेलेलं मूल अभ्यासासाठी कधीही संस्थेत परत येणार नाही. तसंच झालं. आठव्या वर्षापर्यंत ‘संस्थेच्या’ गटातली बहुतेक मुलं संस्थेबाहेर पडली होती. तरीही हिशोब पहिल्या चिठ्ठीप्रमाणेच ठेवला गेला. त्यामुळे पुढे दिलेले फरक फुगवलेले नाहीत, झाले तर कमीच दिसतात.

फॉस्टर घरं ५६ होती. त्यांना दरमहा पैसे मिळत आणि प्रकल्पाच्या समाजसेविका वरचेवर घरी जात. आपल्याकडे बालसंगोपन योजना म्हटली की बोलणं दरमहाच्या रकमेवर येऊन थांबतं. तिथे रकमेबरोबर माणूसही येत होता. समाजसेविकांचं मुख्य सांगणं होतं की हे मूल आपलंच समजून जीव लावा. ‘उद्या नेतील, मग कशाला जीव लावायचा’ हा विचार माणसाला साहजिक, पण मुलाला तोच विचार महागात पडतो. सुरुवातीची अडचण मात्र उलट्या बाजूची असते. पडलं तरी रडत न येणारं, उचललं तर अंग ताठ करणारं, कुशीत न शिरणारं मूल घरी आलं की आईला वाटतं, याला मी नकोच आहे. इथे कुणीतरी तिला सांगावं लागतं की त्याला तू नको आहेस असं नाही, माणूस हवा असतो हेच त्याला अजून कळलेलं नाही.

लळा कसा मोजला

पद्धत जुनी आणि साधी आहे. अनोळखी खोली, खेळणी, मुलाचं माणूस, एक परकी बाई. तीन-तीन मिनिटांचे प्रसंग: माणूस बाहेर जातं, परत येतं, पुन्हा जातं. जाताना मूल रडतं का यापेक्षा माणूस परत आल्यावर ते काय करतं, हे पाहायचं. पण संस्थेतल्या मुलाचं ‘माणूस’ कोण? कर्मचाऱ्यांना विचारलं जाई की याला सगळ्यांत जास्त कोण आवडतं. उत्तर नसेल तर त्याच्याकडे नियमित असणारी बाई घेत. पूर्ण घडलेला लळा म्हणावा अशी संस्थेतली मुलं शंभरात जेमतेम तीन निघाली. घरी वाढणाऱ्यांत सगळीच.

साडेतीन वर्षांच्या वयात पुन्हा पाहिलं, तेव्हा सुरक्षित लळा दिसला तो फॉस्टर गटातल्या सुमारे ४९ टक्के मुलांत, संस्थेच्या गटात साडेसतरा टक्क्यांच्या आसपास, आणि घरच्या मुलांत ६५ टक्क्यांच्या जवळ. हे आकडे बुद्ध्यंकापेक्षा महत्त्वाचे आहेत. चिंता आणि नैराश्य या बाजूच्या तक्रारी फॉस्टर गटात जवळपास निम्म्यावर आल्या, त्या मुख्यतः मुलींमध्ये. आणि ज्यांचा लळा घट्ट बसला त्यांच्यात हा फायदा दिसला. म्हणजे औषध घर हे नव्हतं, घरातलं माणूस होतं.

दारावरची बाई

साडेचार वर्षांच्या आसपास घेतलेली एक चाचणी अंगावर काटा आणते. दारावरची बेल वाजते. मुलाची आई किंवा सांभाळणारी बाई त्याला घेऊन दार उघडते. दारात पूर्ण अनोळखी बाई. ती मुलाला म्हणते, ‘चल माझ्याबरोबर, तुला काहीतरी दाखवायचंय,’ आणि वळून चालू लागते. आई काही बोलत नाही. घरी वाढलेली मुलं आईकडे बघतात, तिचा पदर धरतात. शंभरात तीन-चारच जातात. फॉस्टर गटातलं चौघांपैकी एक गेलं. संस्थेच्या गटातली निम्म्याच्या जवळपास गेली. कोपऱ्यावर ओळखीची संशोधिका थांबलेली असे, म्हणून धोका नव्हता.

याचा अर्थ ‘मूल प्रेमळ आहे’ असा लावणं ही सगळ्यांत महागडी चूक. लळा म्हणजे निवड. जो सगळ्यांकडे जातो, त्याने कुणालाच निवडलेलं नाही. चिकट गोष्ट अशी की चांगलं घर मिळाल्यावरही ही सवय इतर गोष्टींइतकी सहज जात नाही. आईचा लळा लागलेलं मूलही परक्याच्या मांडीवर जाऊन बसतं.

मेंदूत काय दिसलं

डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी घालून, समोर फिरणारे रंगीत चेंडू दाखवत, मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवल्या. संस्थेतल्या मुलांत संथ लहरींचा जोर जास्त आणि अल्फा लहरींचा कमी. मूल वयापेक्षा लहान असावं तसा हा आलेख असतो. आठव्या वर्षी पुन्हा पाहिलं तेव्हा दोन वर्षं पुरी व्हायच्या आत फॉस्टर घरी गेलेल्यांचा आलेख घरच्या मुलांपासून वेगळा ओळखता येत नव्हता. उशिरा गेलेल्यांचा संस्थेतल्यांसारखाच राहिला. एमआरआयमध्ये करडा भाग दोन्ही गटांत कमी होता; पांढरा भाग, म्हणजे मेंदूतल्या जोडण्यांच्या तारा, फॉस्टर गटात सावरलेला दिसला.

असं होतं कारण मेंदूचा काही भाग बाहेरून येणाऱ्या अनुभवाची वाट पाहत घडतो. डोळ्यांना प्रकाश मिळेल, कानांना बोलणं, आणि रडण्याला उत्तर, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. ज्या जोडण्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या छाटल्या जातात. उत्तर आलंच नाही तर छाटणी थांबत नाही, नको ते छाटलं जातं.

बाराव्या वर्षी ताणाची परीक्षा घेतली. परीक्षकांपुढे उभं राहून बोलायचं, मग तोंडी गणितं. घरी वाढलेल्यांच्या शरीरात अशा वेळी कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी स्रवणारं संप्रेरक, चढतं आणि ओसरतं. संस्थेच्या गटात ते जवळजवळ हललंच नाही. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा आलेख घरच्यांसारखा होता. वर्गात परीक्षेलाही ढिम्म असणारं मूल प्रत्येक वेळी बेफिकीर नसतं.

बुद्ध्यंकाचे आकडे आणि त्यांचं चुकीचं वाचन

साडेतीन वर्षांच्या वयात संस्थेच्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक ७७, फॉस्टर गटाचा ८६, घरच्यांचा १०३. साडेचार वर्षांचे आकडे ७३, ८१ आणि १०९. फॉस्टर गटात घरी जाण्याच्या वयाप्रमाणे साडेतीन वर्षांचे आकडे असे: १८ महिन्यांच्या आत ९४, १८ ते २४ महिन्यांत ८९, २४ ते ३० मध्ये ८०, त्यानंतर ८०च्या किंचित खाली.

हा उतार पाहून ‘दोन वर्षांनंतर काही उपयोग नाही’ असं सर्रास म्हटलं जातं. ते चूक आहे. एकतर हे उपगट छोटे होते, ९ ते २२ मुलांचे, आणि कोणतं मूल कितव्या महिन्यात गेलं हे चिठ्ठीने ठरलेलं नव्हतं. दुसरं, सगळी दारं एकदम बंद होत नाहीत. भाषेला आणखी लवकर घर लागतं, साधारण सव्वा वर्षाच्या आत गेलेली मुलं बोलण्यात घरच्यांच्या जवळ पोचली. उंची आणि वजन पहिल्या वर्षभरातच सावरलं, डोक्याचा घेर तेवढा वाढला नाही. हसणं-खिदळणं, एखाद्या गोष्टीत रमणं, चिंता कमी होणं हे उशिरा गेलेल्यांतही सुधारलं. आणि लक्ष टिकणं, गोष्टी थोडा वेळ मनात धरून ठेवणारी स्मृती, मनात आलेली कृती रोखणं या गोष्टी लवकर गेलेल्यांतही मागे राहिल्या. अतिचंचलतेचं प्रमाण फॉस्टर घराने कमी झालं नाही.

वर्गात हे कसं ओळखायचं

लक्ष, स्मृती आणि कृती रोखणं यांतलं हे मागे राहणं शिक्षकाच्या कामाचं आहे, कारण ते आळस, हट्ट किंवा ‘डोकं नाही’ अशा वेषात समोर येतं. तिसरीतलं मूल ४७ अधिक ३८ करताना सात-आठ पंधरा म्हणतं, पाच लिहितं आणि पुढे सात लिहून ७५ देतं. हातचा गेला. त्याला बेरीज येत नाही असा शेरा मारण्याआधी दशकाच्या वर एक चौकोन आखून हातचा त्यात लिहायला सांगा. उत्तर ८५ आलं तर बेरीज येते आहे, मनात धरून ठेवणं जमत नाही. मग चौकोन वर्षभर राहू द्यायचा; ‘आता मोठा झालास’ म्हणून काढायचा नाही. तसंच सूचनांचं. ‘वह्या काढा, पान वीस, तारीख घाला, तिसरं गणित सोडवा’ यातलं पहिलं आणि शेवटचं तेवढं उरतं. एक सूचना, ती झाली की दुसरी, आणि फळ्यावर लिहिलेली.

शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभं करणं इतर मुलांना टोचतं. अशा मुलाला ती ओळखीची जागा आहे. ते शांत होतं, शिक्षकाला वाटतं लागू पडलं, प्रत्यक्षात मूल बोलावणं सोडण्याच्या जुन्या सवयीत परत गेलेलं असतं. त्याला आपल्या टेबलाशेजारी बसवणं अधिक कामाचं. पाहुणे आले की धावत जाऊन बिलगणाऱ्या मुलाचं कौतुकही नको. ‘आधी बाईंना विचार, मग जा’ हा नियम सगळ्या वर्गाला लावला की त्याच्यावर बोट राहत नाही.

शिशुगृहातून बाळ घरी आणणाऱ्यांसाठी यातून निघणारी गोष्ट मराठी घरात पाळायला सगळ्यांत अवघड आहे. बाळ आलं की आत्या, मावशा, शेजारपाजार, सगळे उचलायला येतात, आणि बाळ सगळ्यांकडे हसत जातं म्हणून सगळे खूश. पहिले काही महिने भरवणं, अंघोळ, झोपवणं ही तीन कामं दोनच माणसांनी करायची. बाकीच्यांनी बघावं, खेळवावं, पण खाणं आणि रडणं आलं की परत आईबाबांच्या हाती द्यावं. रात्री बाळ जागं होऊन नुसतं छताकडे बघत पडलं असेल, तर ‘गुणी आहे’ म्हणून कूस बदलू नये. उठून जवळ जावं. आवाज केला की माणूस येतं हे त्याला शिकायचं आहे, आणि पहिल्या काही आठवड्यांत आवाज न करताही येऊन ते शिकवावं लागतं.

कुठे बिनसलं

प्रकल्प कायम पैसे देणार नव्हता. घरांची जबाबदारी पुढे सरकारी यंत्रणेकडे गेली. बारा वर्षांपर्यंत फॉस्टर गटातली अनेक मुलं पहिल्या घरी राहिली नव्हती. कुणी जन्मदात्यांकडे गेलं, कुणी दुसऱ्या घरी. जी एकाच घरात टिकली ती बुद्धीत आणि वागण्यात पुढे होती. घर मिळणं आणि घर टिकणं या दोन वेगळ्या मोजायच्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक सरकारी अहवाल, आपल्याकडचेही, पहिलीच मोजतात. २०१५च्या आपल्या बाल न्याय कायद्यानेही संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे, पण मूल घरी गेल्यावर दोन वर्षांनी ते कुठे आहे हे विचारायला कुणीतरी जावं लागतं.

रोमानियात २००४ साली कायदा झाला: दोन वर्षांखालचं मूल संस्थेत ठेवायचं नाही. अपवाद तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांचा. अभ्यासाच्या पहिल्याच चाळणीत वैद्यकीय कारणांनी बाजूला काढलेली ती ५१ मुलं पुढच्या कुठल्याही आलेखात नाहीत.